बंद कारखान्यावर रान माजलं, पण जमीन सुधारली का? भोपाळचं उदाहरण समजून घ्या

कारखाना बंद पडला की दोन-चार पावसाळ्यात तिथं झुडपं उगवतात. मग शेरडं चरायला जातात, कोणी सरपण आणतं, कोणी भंगार वेचतं. ज्याला कुठंच जागा नाही तो कडेला पाल ठोकतो. पण हिरवं दिसलं म्हणजे जागा निर्धोक झाली, असं नसतं. भोपाळचा युनियन कार्बाइड कारखाना हे याचं मोठं उदाहरण.

काय घडलं होतं?
२-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री या कीटकनाशक कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. हजारो माणसं गेली. कारखाना कायमचा बंद पडला. १९९८ मध्ये जमीन मध्य प्रदेश सरकारकडे परत आली.

रान आणि वस्ती
गंजक्या टाक्या, पाइप झाडाझुडपांत बुडाले. भिंतीला खिंडारं पडली, पोरं आत खेळायला जाऊ लागली. बाहेर हातावर पोट असणाऱ्यांच्या वस्त्या होत्याच, त्या वाढल्या. कारखान्याचं सांडपाणी वाळवायच्या तलावांच्या कडेलाही घरं झाली.

विष कुठं राहिलं?
वायू उडून गेला. पण कारखाना चालू असताना आवारात पुरलेला आणि तलावात सोडलेला रासायनिक कचरा तिथंच राहिला. तो मुरत मुरत हातपंपाच्या पाण्यात उतरला. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या वस्त्यांना स्वच्छ पाणी द्यायला सांगितलं.

४० वर्षांनी
जानेवारी २०२५ मध्ये तिथला ३३७ टन कचरा १२ कंटेनरमधून धार जिल्ह्यातल्या पिथमपूरला नेला. तिथल्या लोकांनी विरोध केला. जूनअखेर तो जाळून झाला. पण हा फक्त गोळा करून ठेवलेला कचरा होता. मातीत आणि पाण्यात मुरलेलं त्यानं निघत नाही.

गावाजवळ बंद रासायनिक कारखाना असेल तर
• तिथले ड्रम पाण्याला, धान्याला वापरू नका. गॅस कटरने कापू नका, स्फोट होऊ शकतो.
• आवारातल्या डबक्यावर जनावरं नेऊ नका.
• पाणी उकळल्याने जंतू मरतात, पारा किंवा शिसं जात नाही.
• विहीर-बोअरच्या पाणी तपासणीच्या अर्जात ‘जड धातू व रसायनं तपासावीत’ असं स्पष्ट लिहा.
• ग्रामसभेचा ठराव करून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाठवा.

आणि तिथं पालं टाकून राहणाऱ्यांना नुसतं हुसकावून भागत नाही. ती माणसं हौसेनं तिथं राहत नाहीत. गावाच्या नळाचं पाणी आधी त्यांच्यापर्यंत पोचलं पाहिजे.