सोयोम्बो ‘अ’ : संगणकीय संकेतन

सोयोम्बो या ऐतिहासिक मंगोल लिपीतील आद्य अक्षर. युनिकोडमधील त्याचा संकेत यू+११ए५०, म्हणजे दशमान पद्धतीत ७२२७२. अंशुमन पांडे यांनी मांडलेल्या प्रस्तावावरून ही लिपी युनिकोडच्या १०.० या आवृत्तीत (जून २०१७) समाविष्ट झाली. तिच्या संचातील हे पहिलेच अक्षर होय.

मंगोलियातील बौद्ध धर्मगुरू व शिल्पकार झानाबाझार (१६३५–१७२३) यांनी १६८६ मध्ये ही लिपी रचली. मंगोल, तिबेटी आणि संस्कृत या तिन्ही भाषा तिच्यात लिहिता येतात. लिपीचे नाव संस्कृत ‘स्वयंभू’वरून आले आहे. तिचा वापर मुख्यतः धर्मग्रंथ व मंदिरांवरील लेख यांपुरता राहिला.

संकेतनाच्या दृष्टीने खरा प्रश्न स्वरांचा होता. देवनागरीत अ, आ, इ, ई यांना युनिकोडने स्वतंत्र संकेत दिले आहेत. सोयोम्बोत मात्र सर्व स्वर ‘अ’वरच उभे राहतात. ‘अ’ला इकाराचे चिन्ह जोडले की इ होते, त्यापुढे दीर्घत्वाचे चिन्ह (यू+११ए५बी) आले की ई. सावरकरांच्या लिपिशुद्धीतील ‘अि, अु, अे’ पाहिलेल्या मराठी वाचकाला ही रचना लगेच ओळखीची वाटेल. युनिकोडने येथे प्रत्येक स्वराला वेगळा संकेत न देता एकच ‘अ’ आणि स्वरचिन्हे नोंदवली. हा निर्णय योग्यच आहे: लिपीची मूळ घडण त्यात जपली जाते आणि एकच स्वर दोन प्रकारे टंकला जाऊन शोध फसण्याचा धोकाही टळतो.

हे अक्षर पहिल्या ६५,५३६ संकेतस्थानांच्या पलीकडे आहे. त्यामुळे यूटीएफ-८ मध्ये ते २४०, १४५, १६९, १४४ अशा चार बाइटांत साठवले जाते, तर यूटीएफ-१६ मध्ये त्याला संकेतांची जोडी लागते. प्रत्येक अक्षर दोनच बाइटांचे असे गृहीत धरणाऱ्या जुन्या आज्ञावलीत ते दुभंगते. शिवाय स्वरचिन्हे ‘अ’च्या वर-खाली नेमक्या जागी बसवण्याचे काम फाँटला करावे लागते, ‘नोटो सान्स सोयोम्बो’ हा त्यासाठी मोफत मिळणारा फाँट आहे. युनिकोडच्या स्थैर्य-धोरणानुसार या अक्षराचा संकेत आणि अधिकृत नाव यापुढे बदलता येत नाही.