प्रीती आणि काळ

काळाच्या ओघात रूप ओसरते, यौवन सरते आणि अखेर माणूसही जातो. मग प्रीतीचे उरते काय? या प्रश्नाला कवींनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत. कालिदासाच्या ‘मेघदूता’तील यक्षाचा विरह वर्षभराचा आहे, त्याला मुदत आहे, पुनर्भेटीची आशा आहे. शेक्सपिअरने १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या सुनीतांत काळालाच आव्हान दिले. प्रिय व्यक्ती गेली तरी आपल्या ओळींत ती जिवंत राहील, असा त्याचा विश्वास होता.

जिच्या विरहाला मुदत नव्हती आणि जिला अक्षरओळखही नव्हती, अशा एका खानदेशी कवयित्रीचे उत्तर याहून वेगळे आहे. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० साली जळगावजवळील असोदे येथे झाला. तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि ऐन तिशीत वैधव्य आले. पदरी मुले होती. पुढे शेत होते आणि जाते होते.

पतिनिधनावरील त्यांच्या रचनेत विलाप थोडा आणि हिशेब चोख आहे. कुंकू, बांगड्या, मंगळसूत्र हे सारे गेले, हे त्या नाकारीत नाहीत. परंतु प्रत्येक गेलेल्या वस्तूसमोर न गेलेली एक गोष्ट त्या मांडतात. कातडीत मुरलेले गोंदण, मनगटातील कर्तबगारी आणि दिलेली शपथ या त्या गोष्टी होत. लोकरीतीने हिरावून घेतले ते अंगावरचे. उरले ते अंगात भिनलेले. येथे प्रीती ही आठवण नसून उरलेल्या संसाराचे उचललेले ओझे आहे.

शेक्सपिअरचा भरवसा शाईवर होता. बहिणाबाईंना तोही आधार नव्हता. पुत्र सोपानदेव आणि आप्तांनी ते शब्द टिपून ठेवले. १९५१ साली बहिणाबाई निवर्तल्या आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. पत्नीची प्रीती टिकली ती मुलाने आईवर केलेल्या प्रीतीमुळे.

खानदेशची बोली आज जळगावापुरती राहिलेली नाही. पोटापाण्यासाठी तापीकाठाने सुरतेस आलेल्या कुटुंबांबरोबर ती डिंडोलीसारख्या वस्त्यांतही पोचली आहे. तेथील एखाद्या आजीच्या ओठांवर अजून ओवी असेल, तर काळ तिला थांबून विचारणार नाही. ती टिपून घेणारा हात घरातूनच पुढे आला पाहिजे.