बी विंगखालचं टेबल

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘सोसायटीच्या इतिहासावर काहीतरी लिहा’ असं संपादक मंडळाने मला सांगितलं, तेव्हा मी आधी कुठले विषय गेलेत ते विचारून घेतलं. बोअरवेल गेली होती, लिफ्ट गेली होती, कन्व्हेयन्स डीडची लढाई तर चेअरमनसाहेबांनी स्वतःकडेच ठेवली होती. मग माझ्या वाट्याला उरलं ते बी विंगच्या खालचं पार्किंग, आणि तिथे ठरावीक रविवारी मांडलं जाणारं एक टेबल. त्या टेबलाचा इतिहास लिहितो. त्यात माझ्या एका चुकीचाही इतिहास आहे. ती चूक सोसायटीच्या मिनिट बुकात माझ्याच सहीने नोंदलेली आहे, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही.

टेबल पल्स पोलिओचं. ते आपल्याकडे आलं आपल्या भागातल्या रोटरी क्लबमुळे, आणि मी त्या क्लबात गेलो बँकेमुळे. शाखा व्यवस्थापक म्हणून बढती मिळाली त्या वर्षी एका खातेदार डॉक्टरांनी आग्रह केला. आमच्या क्लबात बँकवाला कोणी नाही, तुम्ही याच, म्हणाले. खरं सांगायचं तर मी गेलो तो ठेवींचं टार्गेट डोळ्यांपुढे ठेवून. समाजसेवा वगैरे नंतर.

‘बँकवाला कोणी नाही’ या वाक्यामागे या क्लबांचा सगळा इतिहास आहे, हे मला पुढे कळलं. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन ओळखीच्या लोकांना जमवलं. एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपी. प्रत्येक धंद्यातला एकेक माणूस असावा, म्हणजे आपसात स्पर्धा नको आणि ओळखी मात्र वाढाव्यात, असा सरळ व्यवहारी हिशेब होता. बैठक पाळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरायची, फिरती, म्हणून नाव रोटरी. म्हणजे मी ठेवींसाठी गेलो यात काही नवीन नव्हतं, संस्थापकही धंद्याच्या ओळखीसाठीच जमले होते. पण दोन-तीन वर्षांतच नुसत्या ओळखीचा कंटाळा आला असावा. १९०७ च्या सुमारास त्यांनी पहिलं सार्वजनिक काम हाती घेतलं, ते म्हणजे शिकागोच्या सिटी हॉलजवळ सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावं म्हणून खटपट करणं. एवढ्या मोठ्या जागतिक संस्थेची सुरुवात संडास-मुतारीपासून झाली, हे मी क्लबात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा काही कोटवाल्या मंडळींना ते आवडलं नव्हतं.

हिंदुस्थानात ही चळवळ १९१९ साली कलकत्त्यात आली. त्याच कलकत्त्याचे नितीश लाहरी १९६२-६३ साली या संघटनेचे जागतिक अध्यक्ष झाले, तो मान मिळवणारे पहिले आशियाई. बायकांना मात्र बराच काळ दार बंद होतं. १९८७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि १९८९ मध्ये नियमच बदलला, तेव्हा कुठे त्यांना सभासद होता आलं. मी क्लबात गेलो तेव्हा हे सगळं ताजं होतं. आमच्याकडे अजून बायका ‘रोटेरियनच्या मिसेस’ म्हणूनच यायच्या, आणि शिबिरात निम्म्याहून जास्त काम त्याच करायच्या.

आठवड्याची बैठक आणि त्या बैठकीला पाहुणा वक्ता, हा क्लबाचा नित्यनेम. आम्हा पुणेकरांना व्याख्यानाचं काय अप्रूप? न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून खुर्चीवर बसून ऐकणं हा आमचा राष्ट्रीय व्यायाम आहे. दोन वर्षं कार्यक्रम समिती माझ्याकडे होती. वक्ता गाठायचा, त्याला आणायला गाडी पाठवायची, माइकवाल्याला आधी पैसे द्यायचे, शाल-श्रीफळ तयार ठेवायचं, पंचवीस मिनिटांनी चिठ्ठी सरकवायची आणि आभाराच्या भाषणात ‘त्यांच्या बहुमूल्य वेळातून वेळ काढून’ हे म्हणायचं. वक्ते बरेच ऐकले. निवृत्त सेनाधिकारी, हृदयरोगतज्ज्ञ, शेअर बाजारवाले, आनंदी कसं राहावं हे सांगणारे. टाळ्या सगळ्यांना वाजवल्या. बुधवारी जेवताना सौभाग्यवती विचारायची, ‘काल काय सांगितलं हो पाहुण्यांनी?’ तेव्हा माझी पंचाईत व्हायची.

आता टेबलाकडे येतो. पोलिओचं काम रोटरीने १९७९ साली फिलिपाइन्समध्ये सुरू केलं, १९८५ मध्ये ते जगभरासाठी उचललं, आणि १९८८ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने पोलिओ निर्मूलनाचा ठराव केला. त्या वेळी १२५ देशांत हा रोग होता आणि दर वर्षी अंदाजे साडेतीन लाख मुलं त्यात सापडत होती. भारतात पल्स पोलिओची देशव्यापी फेरी डिसेंबर १९९५ मध्ये सुरू झाली. लस सरकारची, परिचारिका सरकारच्या. क्लबांनी करायचं ते टेबल, मांडव, फलक, गाड्या, चहा-नाश्ता आणि स्वयंसेवक. १९९९-२००० पासून बूथच्या रविवारनंतर घरोघर फिरणंही सुरू झालं.

नेमकी त्याच सुमारास आपली सोसायटी राहायला आली. मी पहिला सेक्रेटरी. बूथसाठी आपलं पार्किंग द्यावं असं मीच कमिटीत मांडलं. दोघा-तिघा सभासदांनी हरकत घेतली. शेजारच्या प्लॉटवर तेव्हा बांधकाम चालू होतं. बिदर, गुलबर्गा, नांदेडकडची मजूर कुटुंबं पत्र्याच्या खोल्यांत राहत होती. बूथ लावला की ती सगळी पोरं आत येणार, नव्या टाइल्सवर घाण करणार, उद्या सायकली गेल्या तर कोणाला धरायचं? बोलणारी माणसं वाईट नव्हती. आयुष्याची पुंजी घालून घर घेतलेलं, पझेशन मिळून सहा महिनेही झाले नव्हते. मी वाद घातला नाही. बँकेत शिकलेली युक्ती वापरली, म्हणजे दोन्ही पक्षांना खूश करणारा ठराव लिहिला: ‘पोलिओ बूथकरिता पार्किंगची जागा देण्यास मंजुरी. मात्र बाहेरील व्यक्तींना आवारात प्रवेश देण्यात येऊ नये.’ खाली माझी सही.

त्या रविवारी बूथ झकास झाला. फुगे लावले, पोरांना बिस्किटं दिली, आमच्या सौ. प्रत्येकाच्या डाव्या करंगळीला शाईची खूण करत होत्या. मी टॅली शीट भरत होतो. सभासदांच्या यादीप्रमाणे पाच वर्षांखालची २७ मुलं, डोस दिलेली मुलं २७. अशी जुळलेली बेरीज बघून बँकवाल्याला जो आनंद होतो तो दुसऱ्याला कळणार नाही. गेटवर वॉचमन उभा होता. त्याने कोणाकोणाला परत पाठवलं ते मी बघितलं नाही. खरं म्हणजे बघायला मान वळवली नाही.

पुढल्या मंगळवारी क्लबात एका उद्योजकाचं भाषण होतं. दुपारी त्यांच्या ऑफिसातून फोन, साहेब मुंबईत अडकलेत. आता ऐन वेळी वक्ता कुठून आणू? डॉक्टर मित्र म्हणाले, आपल्या बूथचं काम बघणाऱ्या सिस्टरबाई आहेत, त्यांना विचारू. बाई नोकरीतून निवृत्त झालेल्या, पण मोहिमेच्या वेळी मदतीला यायच्या. आल्या त्या पर्समध्ये लसीची एक रिकामी बाटली घेऊन.

‘मला भाषण येत नाही,’ अशी सुरुवात करून बाईंनी ती बाटली टेबलाभोवती फिरवली. लेबलवर एक गोल आणि गोलात एक चौकोन. आतला चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली. उष्णता लागत गेली की चौकोन काळपट होत जातो, आणि तो गोलाइतका किंवा त्याहून गडद झाला की बाटली फेकायची. इतकी सोपी गोष्ट आम्हाला माहीत नव्हती. मी स्वतः रविवारभर ती पेटी जवळ घेऊन बसलो होतो! मग त्यांनी खडूच्या खुणा सांगितल्या. घरातल्या सगळ्या मुलांना डोस झाला असेल तर दारावर ‘पी’. एक जरी राहिलं असेल तर ‘एक्स’, म्हणजे तिथे परत जायचं.

मी विचारलं, ‘बाई, आमच्या सोसायटीत तर सगळे पी असतील ना?’

‘हो साहेब, सगळे पी आहेत,’ बाई म्हणाल्या. ‘पण शेजारच्या साइटवर खूण करायला दारच नाही. इकडची टीम म्हणते ते तिकडच्यांनी केलं असेल, तिकडची म्हणते इकडच्यांनी. काल मी स्वतः गेले. अकरा पोरं निघाली. एक बाई म्हणाली, रविवारी पोरीला घेऊन गेटपर्यंत गेले होते, आत सोडलं नाही. कुठल्या गेटवर ते मी नाही विचारलं. पोरीला ताप होता, नवरा घरी नव्हता, काल तिने डोस द्यायला नको म्हटलं. आज परत गेले तर ते कुटुंब साइट सोडून गेलेलं.’

कुठल्या गेटवर ते बाईंना माहीत होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. पंचवीस मिनिटांची चिठ्ठी मी सरकवली नाही. शेवटी त्यांनी शाल-श्रीफळ घेतलं, नमस्कार केला आणि विचारलं, ‘पुढच्या फेरीला कोणाची गाडी मिळेल का? साइटवर जायचं तर पेटी घेऊन चालत फार वेळ जातो.’

आभाराचं भाषण माझ्याकडे होतं. ‘बहुमूल्य वेळ’ तोंडातून निघेना. मी म्हटलं, गाडी माझी. एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी कमिटीची बैठक बोलावली आणि जे झालं ते सांगितलं. सोसायटीचं नाक कापतोय की काय असं वाटत होतं. पण ज्या काकांनी सायकलींचा मुद्दा काढला होता तेच आधी बोलले. त्यांच्या धाकट्या भावाला लहानपणी पोलिओ झालेला. इतक्या दिवसांत ते कधी बोलले नव्हते. ‘मी हे विसरलोच कसा,’ एवढंच म्हणाले. जुना ठराव रद्द झाला, आणि सहा आठवड्यांनी पुढची फेरी आली तेव्हा टेबल पार्किंगमधून उचलून गेटच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला मांडलं. दुपारी ते काका आणि मी माझ्या मारुतीत पेटी ठेवून बाईंबरोबर साइटवर गेलो. त्या दिवशीचा आकडा ६४. यादीशी जुळला नाही, कारण यादीच नव्हती. ती तापातली मुलगी त्यांत नव्हती. तिला पुढे कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी टेबलावर दोन थेंब मिळाले असतील, अशी मी आशा धरून आहे.

पुढे बरीच वर्षं हा क्रम चालला. २००९ मध्ये देशात पोलिओचे ७४१ रुग्ण होते, २०१० मध्ये ४२, आणि २०११ मध्ये फक्त एक. १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात आजारी पडलेली ती छोटी मुलगी हा देशातला शेवटचा रुग्ण ठरला. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर केला. क्लबात पेढे वाटले. मी एक पेढा बाईंकडे घेऊन गेलो. त्या म्हणाल्या, ‘बरं झालं. पण फेऱ्या थांबवू नका म्हणावं, शेजारी देशात अजून आहे.’ आणि खरंच, पाकिस्तान-अफगाणिस्तानात तो अजून गेलेला नाही, म्हणून आपल्याकडेही डोस चालूच आहेत.

क्लबातल्या शेकडो व्याख्यानांपैकी मला पूर्ण आठवतं ते हे एकच, आणि ते बदली वक्त्याचं होतं. व्याख्यान चांगलं की वाईट हे टाळ्यांवरून कळत नाही. पुढच्या रविवारी आपण कुठे टेबल मांडतो यावरून कळतं.

सेक्रेटरीपद सोडताना मी सोसायटीच्या मुलांच्या यादीत एक जादा रकाना आखून दिला होता: ‘वॉचमन, घरकामाच्या ताई, माळी, शेजारची साइट’. यादी आता संगणकावर गेली आहे. परवा नव्या सेक्रेटरींनी ती मला मोबाइलवर दाखवली. रकाना दिसला नाही. मुलगा समजूतदार आहे, ‘लगेच घालतो काका,’ म्हणाला. मागच्या गल्लीत नवं बांधकाम सुरू झालंय, पत्र्याच्या खोल्या उभ्या राहिल्यात. पुढच्या फेरीची तारीख जाहीर झाली की बी विंगखालचं टेबल गेटबाहेर न्यायला दोन माणसं लागतील. माझे गुडघे आता साथ देत नाहीत, पण टॅली शीट मी भरीन.