काडेपेटी ते मोबाईल, व्हाया विम्को नाका

आजचा भाग मोबाईलवर आहे, पण सुरुवात अंबरनाथ पश्चिमेच्या विम्को नाक्यापासून करू. रिक्षावाल्याला ‘विम्को नाका’ म्हटलं की तो बरोबर सोडतो. पण विम्को म्हणजे काय, हे आमच्या वयाच्या दहा जणांना विचारलं तर दोघं-तिघं सांगतील. वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी. काडेपेट्या बनवणारी कंपनी. आपल्या आजीच्या देव्हाऱ्यात, चुलीजवळ आणि कंदिलाशेजारी जे ‘जहाज’ आणि ‘होमलाइट्स’ असायचं ना, ते ह्यांचंच.

मोबाईलच्या भागात काडेपेटी कशाला? कारण मोबाईलच्या आधी खरोखर प्रत्येकाच्या खिशात असलेली, कारखान्यात बनलेली, स्वस्त आणि बनवणाऱ्याचा चेहरा न दिसणारी वस्तू काडेपेटीच होती. ‘ही वस्तू बनवताना कुणाचे हाल झाले, आणि मग मी ती घ्यावी का?’ हा प्रश्न काडेपेटीवरून एकदा पूर्ण विचारून झालाय, आणि त्याचं उत्तर काय निघालं तेही नोंदलेलं आहे.

चला लंडनला, 1888 मध्ये. ब्रायंट अँड मे नावाची मोठी कंपनी. कामाला बहुतेक बायका आणि मुली. पगार तुटपुंजा, त्यात दंड. पाय घाण असले तर दंड, बोललात तर दंड. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पांढरा फॉस्फरस. काडीच्या गुलात तो घातला की काडी कुठेही घासली तरी पेटते, भिंतीवर, बुटाच्या तळव्यावर. गिऱ्हाईक खूश. पण त्याची वाफ वर्षानुवर्षं श्वासातून आत गेली की आधी दाढ दुखते, मग हिरडी सुजते, मग जबड्याचं हाड कुजायला लागतं. शेवटी जबडा कापून काढायचा, नाहीतर माणूस गेला. आणि जेवायला वेगळी खोली नाही, त्यामुळे मुली कामाच्या बाकावरच, त्याच हातांनी भाकर-तुकडा खायच्या.

आता गंमत बघा. ह्याला पर्याय तेव्हा होता. लाल फॉस्फरस. तो काडीत नाही, पेटीच्या कडेच्या पट्टीवर लावायचा. स्वीडनचे लोक अशी ‘सेफ्टी’ काडेपेटी तोवर तीसेक वर्षं विकत होते. आपण आज वापरतो ती हीच. म्हणजे तंत्रज्ञान नव्हतं असं नाही. पांढरा स्वस्त पडत होता आणि लोकांना ‘कुठेही पेटते’ हवं होतं, एवढंच. (आमच्या धंद्यात ह्याला ‘फीचर’ म्हणतात.)

15 जून 1888 ला लंडनच्या फेबियन सोसायटीत क्लेमेंटिना ब्लॅक ह्या बाईंचं कष्टकरी स्त्रियांवर भाषण झालं आणि नंतर ठराव झाला: आम्ही ब्रायंट अँड मेच्या काड्या विकत घेणार नाही. आजच्या भाषेत बॉयकॉट. सभेला अॅनी बेझंट होत्या. होय, त्याच, ज्या पुढे भारतात आल्या, होमरूल लीग काढली आणि 1917 ला काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. त्या स्वतः जाऊन कामगार मुलींना भेटल्या आणि आपल्या छोट्या साप्ताहिकात लेख लिहिला. कंपनी चिडली. मुलींना म्हणाली, हे सगळं खोटं आहे असं लिहून द्या. मुलींनी दिलं नाही. जुलैमध्ये सुमारे 1400 जणी बाहेर पडल्या, आणि तीन आठवड्यांच्या आत दंड बंद झाले, जेवायला वेगळी जागा कबूल झाली. म्हणजे ठराव गिऱ्हाइकांनी केला, पण जिंकल्या काम बंद पाडणाऱ्या मुली.

ह्याच सुमारास आपल्याकडे मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांसाठी आठवड्याची सुट्टी मागत होते. 1890 च्या जूनमध्ये रविवारची सुट्टी मंजूर झाली. तुमच्या-माझ्या वीकेंडची मुळं तिथे आहेत, कुठल्याही एचआरच्या मेलमध्ये नाहीत.

पण पांढरा फॉस्फरस? तो संपानंतरही चालूच होता. 1891 मध्ये साल्व्हेशन आर्मी ह्या ख्रिस्ती संस्थेने लंडनमध्ये स्वतःचा कारखाना काढला. फक्त लाल फॉस्फरस, बायकांना जास्त मजुरी, आणि पेटीवर ठळक संदेश. आज ज्याला आपण ‘एथिकल ब्रँड’ म्हणू, तो हा. पेटी थोडी महाग होती. दहा वर्षं ढकलत ढकलत चालला आणि 1901 मध्ये विकला गेला. कुणाला? ब्रायंट अँड मेलाच. त्यांनी त्याच वर्षी पांढरा फॉस्फरस सोडला. मग 1906 ला बर्नमध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला आणि एकेका देशाने कायद्याने बंदी घातली. हिंदुस्थानात 1913 चा कायदा आला: पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या बनवायच्या नाहीत, आणायच्या नाहीत, विकायच्या नाहीत.

त्यानंतर दहा वर्षांनी, 1923 मध्ये, विम्को स्थापन झाली. का, तर 1922 ला सरकारने परदेशी काडेपेट्यांवरचं आयात शुल्क ग्रोसला, म्हणजे 144 पेट्यांना, दीड रुपया केलं. हिशोब केला तर एका पेटीमागे दोन पै. पेटीच मुळात एवढी स्वस्त की दोन पैंनी धंद्याचं गणित उलटं झालं. ईव्हार क्रूगर ह्या स्वीडिश काडेपेटी-सम्राटाने ठरवलं, भारतात काड्या पाठवायच्या कशाला, तिथेच बनवू. ‘मेक इन इंडिया’ म्हणा हवं तर. मोबाईलवर आयात शुल्क वाढल्यावर कंपन्यांनी इथे जुळणी सुरू केली, ते हेच. आणि अंबरनाथला जो कामगार पहिल्या दिवशी आत गेला, त्याचा जबडा 1913 च्या कायद्याने आधीच वाचवलेला होता. गिऱ्हाइकाने दुकानात काय निवडलं, ह्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

मग आपल्याकडे सगळं छान झालं का? छे. त्याच 1923 च्या सुमारास शिवकाशीत हाताने काड्या भरायचा धंदा उभा राहिला. सरकारने लहान कारखान्यांना उत्पादन शुल्कात सवलत दिली, हेतू चांगला, रोजगार वाढावा. पण सवलतीबरोबर बालमजुरीही वाढली. 10 डिसेंबर 1996 ला सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहतांच्या खटल्यात निकाल दिला: धोक्याच्या कामावर मूल ठेवलं तर मालकाने प्रत्येक मुलामागे 20,000 रुपये भरायचे. खटला शिवकाशीचाच होता. आणि इतकी वर्षं वाण्याच्या दुकानात आपण काय मागितलं? ‘एक काडेपेटी द्या.’ कुठली, हे कुणी विचारलं नाही. विचारून तरी काय, पेटीवर चित्र असतं, हजेरीपट असत नाही. विम्कोही पुढे आयटीसीकडे गेली, अंबरनाथचा कारखाना बंद पडला, नाक्याला नाव राहिलं.

लेबलाची गोष्ट निघाली तर शेजारच्या उल्हासनगरचा जुना विनोद आठवतोच. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. फाळणीत सगळं गमावून लष्करी छावणीच्या बराकीत आलेल्या लोकांनी उभारलेल्या धंद्यावरचा विनोद आहे, त्यामुळे मला तो पूर्ण आवडत नाही. पण त्यात एक खरं आहे: लेबल वाचून कारखाना कळत नाही. हे महागड्या फोनलाही लागू आहे. कर्नाटकात नरसापूरच्या विस्ट्रॉनमध्ये 12 डिसेंबर 2020 ला कामगारांनी तोडफोड केली, कारण पगार कापून येत होते आणि शिफ्ट बारा तासांची होती. तिथे आयफोन बनत होते. वर्षभराने श्रीपेरुंबुदूरला फॉक्सकॉनच्या मुली महामार्गावर बसल्या, वसतिगृहातल्या जेवणातून विषबाधा झाली म्हणून. दोन्ही वेळा अॅपलने कारखान्याला तंबी दिली, सुधारणा झाल्या, पण कधी? कामगार रस्त्यावर आल्यावर.

आमच्याकडे मात्र चर्चा वेगळीच असते. 2022 मध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा प्रकल्प गुजरातला गेला म्हणून महाराष्ट्रात केवढा गदारोळ. किती नोकऱ्या गेल्या, त्याचा आकडा दोन्ही बाजूंना पाठ. त्या नोकऱ्यांत तास किती असते, वसतिगृह कसं असतं, युनियन चालली असती का, हे मी एकाही चॅनेलवर ऐकलं नाही. आणि सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाचे तास 9 वरून 12 पर्यंत नेण्याला मंजुरी दिली. जादा तासांना दुप्पट मोबदला आणि कामगाराची संमती हवी, असं त्यात आहे. आता रिकाम्या पोटाने नोकरी मागायला आलेला पोरगा ती संमती नाकारणार कशी, एवढं कुणीतरी समजावून सांगा.

फोन बदलू नका, हेही मी म्हणणार नाही, माझाच गेल्या वर्षी बदललाय. पुढचा भाग शहाडच्या रेयॉनवर. भेटू.