हवानाचा पीतज्वर

रोगांच्या इतिहासात शास्त्रज्ञांची नावे कोरली जातात. दारोदार हिंडून पाण्याची पिंपे तपासणाऱ्या निरीक्षकाचे नाव सहसा कोठे आढळत नाही. वास्तविक क्यूबातील हवाना शहरी १९०१ साली पीतज्वराचा जो पाडाव झाला, त्याचे श्रेय या दोघांनाही द्यावे लागेल. ज्ञान आणि कारभार यांची सांगड कशी बसते व कशी सुटते, हे त्या प्रकरणावरून स्पष्ट दिसते. आमचा बहुतेक वाचकवर्ग सरकारी सेवेत असल्याने हा विषय त्यांस परका वाटणार नाही.

तीव्र ताप, कावीळ आणि अखेरीस काळी रक्ताची उलटी अशी या रोगाची भयंकर लक्षणे होत. अमेरिका खंडातील बंदरांना त्याने दीर्घकाळ ग्रासले होते. घाण आणि रोग्याचे कपडे यांपासून तो पसरतो, असा सार्वत्रिक समज होता. हवानातील डॉक्टर कार्लोस फिनले यांनी १४ ऑगस्ट १८८१ रोजी तेथील विज्ञान अकादमीपुढे निबंध वाचून निराळेच मत मांडले. घरात वावरणारा एक विशिष्ट डास रोग्याचे रक्त पिऊन निरोगी माणसास चावतो व रोग देतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्या डासाच्या सवयींचे त्यांनी बारकाईने निरीक्षण केले होते. तरीही पुढे एकोणीस वर्षे या मताची उपेक्षाच झाली. सुईने विष टोचावे तसा डास आपल्या सोंडेने रोग टोचतो, अशी फिनले यांची कल्पना होती. त्यामुळे रोग्यास चावलेला डास ते थोड्याच दिवसांत दुसऱ्यास चाववीत, आणि प्रयोगातून निर्विवाद पुरावा हाती येत नसे.

१८९८ च्या युद्धानंतर हवाना अमेरिकन लष्कराच्या ताब्यात आले. नव्या अधिकाऱ्यांनी रस्ते झाडले, गटारे धुतली, शहर लखलखीत केले. आणि तरीही १९०० साली पीतज्वराने ३१० माणसे दगावली. त्याच वर्षी वॉल्टर रीड यांच्या अध्यक्षतेखाली कॅरोल, लाझिअर व अग्रामोन्ते यांचे मंडळ तेथे आले. फिनले यांनी आपल्याजवळची डासांची अंडी त्यांच्या स्वाधीन केली. दुसरा धागा हेन्री कार्टर यांच्याकडून मिळाला. घरात पहिला रोगी आढळल्यानंतर पुढचे रोगी दोन-तीन आठवड्यांनी आढळतात, असे त्यांनी १८९८ साली मिसिसिपीतील खेड्यांत नोंदले होते. रोग्यास पहिल्या तीन दिवसांत चावलेला डास सुमारे बारा दिवसांनंतरच रोग देऊ शकतो, हा उलगडा त्यातून झाला. त्यासाठी लाझिअर यांनी सप्टेंबर १९०० मध्ये प्राण वेचले.

पुढे दोन लहान घरे बांधण्यात आली. एकात रोग्यांच्या ओकारीने भरलेल्या चादरींवर माणसे रात्रीमागून रात्री झोपली; कोणासही ज्वर आला नाही. दुसरे घर स्वच्छ होते, पण मध्ये जाळी लावून त्याचे दोन भाग केलेले. ज्या भागात डास सोडले होते, तेथील माणूस आजारी पडला. जाळीपलीकडची माणसे धडधाकट राहिली. प्रयोगास उभ्या राहणाऱ्या स्पॅनिश मजुरांकडून लेखी संमती घेण्यात आली होती, पण तिच्या जोडीला शंभर डॉलरचे आमिषही होते, हे विसरता येत नाही.

आता काम उरले ते कारभाराचे, आणि ते विल्यम गॉर्गस यांनी हाती घेतले. आज एडिस इजिप्ती या नावाने ओळखला जाणारा हा डास दलदलीत वाढत नाही; घरातील साठवणीच्या स्वच्छ पाण्यात वाढतो. तो फार दूर उडत नाही. म्हणूनच पिंपांवर झाकणे बसवून खाली तोट्या लावण्यात आल्या, टाक्यांत तेल ओतण्यात आले, निरीक्षक नियमाने घरोघर जाऊ लागले आणि अळ्या सापडल्यास दंड होऊ लागला. १९०१ साली मृत्यू १८ वर आले. १९०२ साली एकही झाला नाही. डासाच्या शरीरात कोणते विष वाढते, हे त्या वेळी कोणासही दाखवता आले नव्हते. विषाणू हाती आला तो १९२७ साली. डासाची राहणी कळली, एवढ्यावरच शहर वाचले.

या कथेचा उत्तरार्ध मात्र कोणी फारसा सांगत नाही. १९४७ साली अमेरिका खंडातील राष्ट्रांनी हा डास समूळ नष्ट करण्याचा संकल्प केला आणि १९६२ पर्यंत अठरा देश डासमुक्त ठरले. मग रोगच दिसेनासा झाल्यावर पाहणीचा खर्च डोळ्यांत सलू लागला. तपासणी सैल झाली. शिवाय या डासाची अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. १९८१ साली, फिनले यांच्या निबंधास शंभर वर्षे होत असतानाच, त्याच क्यूबात त्याच डासाने डेंग्यूची साथ आणली. साडेतीन लाखांच्या आसपास लोक आजारी पडले आणि १५८ दगावले.

पीतज्वर भारतात रुजला नाही. पण त्याचा वाहक डास आपल्या घरांत आहे आणि डेंग्यू व चिकुनगुन्या हे रोग तोच पसरवितो. दिल्लीत कूलर आणि टाक्या तपासणारा महापालिकेचा कर्मचारी अनेक वर्षे ‘डोमेस्टिक ब्रीडिंग चेकर’ या नावाने ओळखला गेला. सरकारी वसाहतीत तो दार ठोठावतो, तेव्हा साहेबांस वेळ नाही असे सांगून त्यास परत पाठविण्याचा प्रघात आम्ही पाहिला आहे. ज्या वर्षी एकही रोगी आढळत नाही, त्या वर्षाचे श्रेय याच माणसाकडे जाते. आणि त्याच वर्षी त्याची जागा अनावश्यक ठरवणारे टिपण कोणाच्या तरी मेजावर येते. ते टिपण आमच्या वाचकांपैकी कोणाच्या मेजावर आले, तर सही करण्यापूर्वी त्यांनी १९६२ नंतरची हकीकत आठवावी, एवढीच आमची विनंती आहे.