पत्र्याचा कारखाना आणि गिटारचा नाद



कामगार चळवळीत हयात घालविलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत संगीतावर बोलावे, ह्याचे आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. आम्ही गाणे शिकलेलो नाही. शाळाही आठवीत सुटली; पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या वऱ्हांड्यात झाले. परंतु ज्या नादाचा इतिहास आज सांगावयाचा आहे, त्याचे मूळ पत्र्याच्या कारखान्यात आहे, आणि कारखाना हा तर आमचाच विषय.

निमित्त असे घडले. युनियनच्या कचेरीत दोन सभासदांचा वाद जुंपला. एक पन्नाशीचा फिटर, दुसरा सीएनसी मशीनवरचा पंचविशीचा तरुण. दोघेही 'मेटल' नावाच्या पाश्चात्त्य संगीताचे वेडे. फिटर म्हणे, गाण्यावाचून नुसती गिटार वाजविणारे आजचे वादक म्हणजे बोटांची कसरत. नाद यंत्रातून काढलेला, साऱ्यांचा एकाच साच्यातला. तरुण म्हणे, जुन्यांना जे स्वप्नातही वाजविता आले नसते ते आजची मुले वाजवितात, आणि इतके स्वच्छ, की एकेक स्वर मोजून घ्यावा. तंटा मिटविणे हा आमचा नित्याचा उद्योग. पण दोन्ही बाजू तपासल्यावाचून निवाडा देऊ नये, हा शिरस्ताही आम्ही पाळत आलो. म्हणून आम्ही मुळापासून ऐकावयास बसलो.

मूळ इंग्लंडात, बर्मिंगहॅम शहरी सापडते. १९६५ साली तेथील पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा वेल्डिंग करीत होता. वाद्यवृंदाबरोबर दौऱ्यावर जाण्यासाठी त्याने नोकरी सोडली होती. त्या दिवशी शेवटची पाळी. दुपारी घरी आला तेव्हा परत जाण्याचे त्याच्या मनात नव्हते. आईने सांगितले, शेवटचा दिवस नीट पुरा कर. कारखान्यात आधीच्या टप्प्यावरचे माणूस आले नव्हते, म्हणून पूर्वी कधी न चालविलेल्या प्रेसवर त्याला उभे केले. प्रेस खाली आला आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे आणि अनामिकेचे शेंडे गेले. मुलगा डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबण्याचा हात तोच.

आमच्या १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात ह्या बोटांचा भाव लिहिलेला होता. मधल्या बोटाचे एक पेर गेले तर कमाईची शक्ती ७ टक्के घटली, अनामिकेचे गेले तर ५ टक्के. बेरीज १२. हे कोष्टक आम्ही अनेक पोरांसाठी न्यायालयात वाचून दाखविले आहे. कोष्टक वाईट नव्हे. तेही कामगारांच्या उपयोगी पडले. पण माणूस त्या हाताने काय करू पाहत होता, हा रकाना त्यात नव्हता.

आयोमीला डॉक्टरांनी वादन सोडण्याचा सल्ला दिला. त्याच्या कारखान्यातील वरिष्ठाने मात्र त्याला जँगो राइनहार्टची तबकडी ऐकविली. हा जिप्सी वादक १९२८ साली पॅरिसजवळ गाडीला लागलेल्या आगीत होरपळला, डाव्या हाताची दोन बोटे जवळजवळ निकामी झाली, आणि तरीही युरोपातील थोर गिटारवादकांत त्याची गणना झाली. आयोमीने भांडी घासण्याच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली आणि त्यांवर जुन्या जाकिटाचे कातडे चिकटविले. तारा जाड पडत, म्हणून बँजोच्या बारीक तारा लावल्या. पुढे, १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' ह्या तबकडीत, त्याने काही रचनांसाठी वाद्य तीन अर्धस्वरांनी खाली उतरविले. तार सैल झाली, बोटाला सुसह्य झाली, आणि नाद खोल व जड झाला.

ह्या नादाची कृती थोडक्यात सांगितली पाहिजे. गिटारच्या तारांखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी असते. तार कंप पावली की गुंडाळीत वीज उपजते, ती ॲम्प्लिफायर वाढवितो. त्याला झेपेल त्याहून अधिक जोर दिला की ध्वनीच्या लाटांचे माथे कापले जातात आणि मुळात नसलेले अनेक उपस्वर उमटतात. आवाज खरखरीत होतो आणि लवकर विझत नाही. अशा नादात तीन-चार स्वर एकत्र छेडले तर चिखल होतो. म्हणून षड्ज आणि पंचम एवढीच जोडी वाजविण्याचा प्रघात पडला. १९७० साली निघालेल्या 'ब्लॅक सॅबथ'च्या पहिल्या तबकडीचा आरंभ तर तीन स्वरांवर उभा आहे: षड्ज, तार षड्ज आणि तीव्र मध्यम. षड्ज-तीव्र मध्यमाचे हे अंतर युरोपात सैतानाचे म्हणून बदनाम. आमच्याकडे तोच तीव्र मध्यम यमनात संध्याकाळ गोड करतो. स्वर बिचारा निरपराधी असतो; त्याला संगत कोणती, हे पाहावे.

पुढचा इतिहास वेगाचा आहे. १९८४ साली स्वीडनच्या इंग्वे माल्मस्टीनने 'रायझिंग फोर्स' काढली, बहुतेक शब्दांवाचूनची, पागानिनी आणि बाख ह्यांच्या वळणाची. १९८७ त जो सात्रियानीची 'सर्फिंग विथ द एलियन', १९९० त त्याचाच शिष्य स्टीव्ह वाय ह्याची 'पॅशन अँड वॉरफेअर'. सहा तारांच्या सात झाल्या. स्वीडनच्या 'मेशुगा'ने २००२ ची आपली 'नथिंग' ही तबकडी २००६ साली आठ तारांवर नव्याने आणली. २००९ साली अमेरिकेत टोसिन अबासीच्या 'ॲनिमल्स ॲज लीडर्स'ने गायकाला रजाच दिली. दरम्यान २००६ मध्ये 'ॲक्स-एफएक्स' आणि २०११ मध्ये 'केम्पर' ही यंत्रे आली. जुन्या ॲम्प्लिफायरांचे आवाज ती गणिताने काढून देतात.

आता फिटरची फिर्याद. ती निराधार नाही. लाटांचे माथे कापले की हलका आघात आणि जोरकस आघात जवळजवळ सारखेच ऐकू येतात. तबला ऐकणाऱ्याला हे लगेच समजेल: थाप आणि टिचकी सारखीच वाजली तर बोलांत जीव कोठून राहणार? त्यात तुकडे तुकडे ध्वनिमुद्रित करून, प्रत्येक आघात संगणकात रेषेवर बसवून सांधले, तर हाताचा पुरावाच पुसला जातो. आणि मिनिटाला किती स्वर हाच हिशेब ठेवावयाचा, तर तो नगावारी मजुरीचा हिशेब झाला. त्या हिशेबाने माणसाचे काय होते ते आम्ही गिरण्यांत पाहिले आहे.

पण तरुणाचीही बाजू आहे. ज्या दोषाने जोर-हळू सारखे होते, त्याच गुणाने डाव्या हाताचा नुसता स्पर्शही मोठा होऊन ऐकू येतो. सात्रियानीची वाहती स्वरावली त्यावाचून शक्यच नव्हती. अबासी आठ तारांवर अंगठ्याने असा प्रहार करतो, की एकाच वाद्यातून ताल आणि स्वर दोन्ही निघतात; ही कसरत नव्हे, हाताचे नवे व्याकरण आहे. शिवाय भिंतीएवढा ॲम्प्लिफायर कोणाच्या घरी मावतो? एका खोलीत सहा माणसे राहणाऱ्या पोराला कानाला यंत्र लावून, शेजाऱ्याची झोप न मोडता, रात्रपाळीनंतर वाजविता येते. ज्या साधनाने कला चाळीत आली, त्याला आम्ही तरी शत्रू म्हणणार नाही.

म्हणून आमचा निवाडा असा: नवे यंत्र दोषी नाही आणि वेगही नाही, द्रुत लय आमच्या संगीतातही आहे, पण ती विलंबित पचविल्यावर शोभते. हात ऐकू आला पाहिजे, ही एकच कसोटी. आयोमीच्या अवघ्या तीन स्वरांत तो ऐकू येतो, अबासीच्या अंगठ्यात ऐकू येतो. ज्या वादनात तो ऐकू येत नाही, ते १९७० चे असो की आजचे, आम्हांस नको. दोघांना आम्ही हे सांगितले. फिटरने अर्धे मान्य केले, तरुणाने दुसरे अर्धे; तडजोड म्हणतात ती हीच.

एक गोष्ट मात्र तडजोडीबाहेरची. कोणी म्हणतात, ती बोटे गेली नसती तर हे संगीत झाले नसते. अपघात फळाला आला. श्रोतेहो, असे पुन्हा म्हणू नका. फळाला आली ती त्या मुलाची जिद्द, प्रेस नव्हे. आमच्या वसाहतीत एका कारखान्यात विशीच्या पोराची अशीच दोन बोटे गेली. तो ढोलकी वाजवीत असे. भरपाई मिळवून दिली. ढोलकी आम्हांस मिळवून देता आली नाही. त्यानंतर प्रत्येक मागणीपत्रात आम्ही पहिले कलम घालतो: प्रेसला दोन्ही हातांनी दाबावयाची बटणे हवीत, म्हणजे यंत्र खाली येताना दोन्ही हात बाहेर राहतील. बाहेर राहिलेल्या हातांनी मग कोणी काय वाजवावे, ह्यावर खुशाल वाद घालावा. त्या वादाला आम्ही पुन्हा येऊ.