जातपंचायत, हजेरी आणि लेखणी : वसाहतकालीन बदलांचे साहित्यातील दर्शन

चिनुआ अचेबे यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट' ही कादंबरी १९५८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील उमुओफिया गाव काल्पनिक असले, तरी तेथील व्यवस्था नायजेरियातील इग्बो समाजाची आहे. बहुतेक इग्बो गावांना राजा नव्हता. निवाडा जाणत्यांच्या व गावसभेच्या संमतीने होई. राजाविना चालणारा समाज ब्रिटिशांच्या पचनी पडला नाही. त्यांनी सनदा देऊन प्रमुख नेमले. या प्रमुखांविषयीचा रोष आणि स्त्रियांवर कर बसण्याची धास्ती यांतून १९२९ मध्ये इग्बो स्त्रियांचा मोठा उठाव झाला.

मराठी मुलखात या अनुभवाच्या निकट जाणारे जग भटक्यांचे आहे. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, तर त्याला लागून असलेला नगर जिल्हा ब्रिटिश अमलाखाली. नगरच्या पाथर्डी तालुक्यातील मढी येथे कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरे आणि भटक्या जमातींच्या जातपंचायतीही बसत. सोयरीक, घटस्फोट, भांडणे, दंड हे सारे तेथे तोंडी चाले. वर्षभर विखुरलेल्या माणसांचे तेच न्यायालय होते.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने या जगात पोलिसांची नोंदवही आणली. १९११ च्या कायद्यानंतर त्याची व्याप्ती वाढली. नोंद झालेल्यांना हजेरी लागू झाली, फिरण्यासाठी परवाना लागू लागला. सोलापूरच्या वसाहतीत तर माणसे कुंपणाआड आली व गिरण्यांना मजूर मिळाले. गुन्हा सिद्ध होण्यापूर्वीच जन्माने गुन्हेगार, ही कल्पना इग्बो प्रदेशातील सनदी प्रमुखांपेक्षाही अधिक खोलवर जाणारी होती. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, परंतु संशय उरला. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' (१९८७) मधील पोलिसांचा जाच स्वातंत्र्योत्तर लातूर भागातील आहे, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

अचेबे यांच्या कादंबरीत दंड दोनशे पिशव्या कवड्यांचा ठरतो. कोर्टाचे शिपाई अडीचशे मागतात. सत्ता दूरच्या साहेबाची असली, तरी गावाला ती भेटते ती शिपायाच्या रूपाने. 'उचल्या'च्या वाचकाला हा प्रसंग परका वाटू नये.

अर्थात जुनी व्यवस्था निर्दोष नव्हती. अचेबे जुळ्या मुलांना रानात टाकण्याची रूढी लपवत नाहीत. जातपंचायतीही माणसांना वाळीत टाकत, स्त्रियांना कठोर शिक्षा देत. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्ये कायदा करावा लागला. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आपल्याच जातीच्या पंचायतीकडेही निर्भीडपणे पाहते, आणि म्हणूनच ते केवळ गाऱ्हाणे राहत नाही.

कादंबरीच्या शेवटी इंग्रज जिल्हा आयुक्त ओकोंक्वोच्या मृत्यूला आपल्या नियोजित पुस्तकात एखादा परिच्छेद पुरेल, असे मनाशी ठरवतो. मुंबई इलाख्यात असे पुस्तक खरोखर निघाले : १९०८ मध्ये एम. केनेडी या पोलीस अधिकाऱ्याने येथील 'गुन्हेगार' जमातींची माहिती जातवार मांडली. त्या नोंदींतील माणसांच्या वंशजांनी स्वतःच्या नावाने पुस्तके लिहीपर्यंत सुमारे सत्तर वर्षे गेली.